आवाजाचे घर

ध्वनी जन्मतो तेव्हा तो फार दुबळा असतो. तुळजापूरच्या वाटेवर एखादा गोंधळी अथवा आराधी भेटला, तर त्याच्या काखेतील तुणतुण्याकडे क्षणभर निरखून पाहावे. त्यात असते ती एकच तार. ती नुसती दोन खुंट्यांना बांधून छेडली, तर चार हातांवर बसलेल्या माणसालाही धड ऐकू जाणार नाही. परंतु तीच तार पोकळ नळकांड्याच्या तळाशी मढविलेल्या कातड्याला जोडली, की तिचा नाद अंगणभर पसरतो. तारेचा कंप कातडे घेते, आपल्या रुंद अंगाने हवेला ढकलते, आणि नळकांड्यातील पोकळी त्याला साथ देते. तार गाते खरी; पण तिला राहावयास घर मिळाले नाही, तर तिचे गाणे तिच्यापाशीच विरून जाते.

माणसाने पुढे विजेच्या साहाय्याने ध्वनी वाढविण्याची कला हस्तगत केली. १९०६ साली ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने तीन विद्युतग्रांची काचेची नळी तयार केली. १९४७ साली बार्डीन, ब्रॅटन आणि शॉक्ली यांच्या प्रयत्नांतून ट्रान्झिस्टर जन्मास आला, व १९५६ साली त्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. एके काळी जे काम तापून लाल होणाऱ्या नळ्या करीत, ते आता नखाएवढी, आठ पायांची एक काळी चकती करते. तिला आयसी म्हणतात. तिचे कार्य तलावाच्या दारासारखे असते. दाराची चावी फिरविणारा हात दुबळा असला तरी चालतो. पाणी आपल्याच जोराने धावते. त्याचप्रमाणे मूळच्या क्षीण विद्युतप्रवाहाने बॅटरीतील मोठ्या प्रवाहाचे दार उघडावयाचे आणि मिटावयाचे, एवढेच या यंत्राचे मर्म आहे.

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी असलेल्या एका गावी आठवीत शिकणाऱ्या एका मुलाला असे यंत्र करावेसे वाटले. त्यामागे नुसती हौस नव्हती. त्याची आजी आराधी. नवरात्रात भवानीची गाणी तिने म्हणावी आणि आळीने रात्र जागवावी, असा परिपाठ होता. वय वाढले तसा तिचा गळा बसला, आणि गाणे थांबले. तीन वर्षांपूर्वीचा एक जागर मात्र घरच्या मोबाइलमध्ये साठविलेला होता. तिच्या गाण्याची तेवढीच एक खूण उरली होती. एका संध्याकाळी नातवाने मोठ्या उत्साहाने तो तिला ऐकविला. आजीने कान देऊन ऐकले आणि मान हलविली.

“ही मी न्हवं रं लेकरा,” ती म्हणाली. “हे तर कोंबडीचं पिल्लू चिवचिवतंय. आन् त्यो संबळ का पत्र्याचा डबा?”

आजीचे म्हणणे खोटे नव्हते. मोबाइलच्या पोटातील स्पीकर बोटाच्या पेराएवढा. खर्जाचे स्वर उमटविण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. ती त्या चिमुकल्या पडद्याने कशी हलावी? गळ्यातील भारदस्तपणा आणि संबळाचा घुमारा दोन्ही गळून पडले होते. उरला होता तो केवळ वरचा चिवचिवाट.

मुलाने विज्ञानाच्या गुरुजींना गाठले. त्यांनी कागदावर आकृती काढून दिली. एलएम ३८६ नावाची आयसी, नऊ व्होल्टची बॅटरी, आठ ओहमचा चार इंची स्पीकर, आवाज कमीजास्त करण्याचे एक बटण, दोनचार कपॅसिटर आणि एक रोधक, एवढाच संभार. ही आयसी आलेला संकेत मुळात वीसपट करते. तिच्या पहिल्या व आठव्या पायांमध्ये दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, तर दोनशेपट करते. दोनशे हा आकडा ऐकताच मुलाचे डोळे चमकले. त्याने तसे जोडून पाहिले. बटण किंचित फिरविताच आजीचा आवाज घोगरा होऊन फाटला. शिवाय जागराच्या रात्री दूर कोठे भुंकलेले कुत्रे, कोणाचा तरी खोकला आणि नुसता खरखराट हेही सारे मोठे झाले. यंत्राला गाणे कोणते आणि गोंगाट कोणता हे समजत नाही. जे हाती येईल ते ते वाढविते. मुलाने तो कपॅसिटर काढून टाकला. वीसपट पुरेसे होते.

जोडणीतही शिकण्यासारखे पुष्कळ निघाले. आयसीच्या पाचव्या पायावर नेहमीच बॅटरीच्या निम्मा दाब असतो. तो थेट स्पीकरवर गेला, तर आतील तारेचे वेटोळे विनाकारण तापत राहील. म्हणून मध्ये दोनशे वीस मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा लागतो. तो स्थिर प्रवाहाला अडवितो आणि गाण्याच्या हेलकाव्यांना वाट देतो. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या तारा एकमेकींना चिकटून गेल्या, तेव्हा यंत्र शीळ घालू लागले. त्या दूर करताच शीळ थांबली. सारी जोडणी त्याने जेवणाच्या जुन्या स्टीलच्या डब्यात बसविली. तळाशी जाड पुठ्ठा घातला, म्हणजे सोल्डरचे टोक धातूला टेकू नये. आणि डब्याला बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडले, म्हणजे भोवतालच्या विजेच्या तारांची गुणगुण बाहेरच्या बाहेर राहावी.

यंत्राला घर मिळाले. स्पीकर मात्र अद्याप उघड्यावर होता. तो हातात धरून लावला, तर आवाज पुन्हा पातळच! याचे कारण मोठे मौजेचे आहे. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या लहरी लांबलचक असतात. सेकंदाला शंभर कंपनांच्या स्वराची लहर सुमारे साडेतीन मीटर भरते. अशी लहर चार इंचांच्या कडेला सहज वळसा घालते, आणि पुढची व मागची हवा एकमेकींचे देणेघेणे तेथल्या तेथे फेडून मोकळ्या होतात. श्रोत्यापर्यंत काहीच येत नाही. म्हणून मागचा आवाज कोंडून ठेवणारी पेटी हवी.

मुलाने प्रथम बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. संबळाच्या प्रत्येक ठोक्यासरशी डब्याच्या बाजू थरथरून झणझणू लागल्या. पुठ्ठ्याचे खोके त्याहून बरे. पण ते स्वतःच डुगडुगे. लाकडी पेटी उत्तम झाली असती, परंतु सुताराला द्यावयास पैसे नव्हते. तेव्हा त्याची दृष्टी परसातील मडक्यांकडे वळली.

तेरणेच्या काठच्या मुलाला मडके सुचावे यात नवल नाही. याच नदीवरचे तेर हे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात येथील मालाचा उल्लेख सापडतो, आणि गावच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या मृण्मय वस्तू आजही पाहावयास मिळतात. परंतु मराठी मनाला तेर परिचित आहे ते संत गोरोबा कुंभारांचे गाव म्हणून. संतमेळ्यात पक्के कोण आणि कच्चे कोण, हे गोरोबांनी थापटण्याने प्रत्येकाच्या डोक्यावर थापटून पाहिले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. बाकीचे शांत राहिले. नामदेवांनी तेवढी तक्रार केली, आणि ते मडके कच्चे ठरले.

मुलगा कुंभाराकडे गेला. म्हातारा कुंभार एकेक मडके उचलून बोटाच्या पेराने वाजवू लागला.

“काका, जे जास्त वाजंल ते द्या,” मुलगा म्हणाला.

“खणखणीत वाजलं म्हंजे भाजणी बरी झाली. बद्द वाजलं तर कच्चं, न्हाई तर चिरलेलं,” कुंभार म्हणाला. “पर तुला वाजवायचंय काय? मडकं का गाणं?”

मुलगा विचारात पडला. प्रश्न नेमका होता. तुणतुण्याचे नळकांडे, तंबोऱ्याचा भोपळा यांनी तारेबरोबर घुमलेच पाहिजे. तो त्यांचा धर्म आहे. परंतु स्पीकरच्या पेटीचा धर्म याच्या उलट आहे. गळ्याचा व संबळाचा घुमारा गाण्यात आधीच भरलेला असतो. पेटीने त्यात आपला सूर मिसळला, की मूळचे रूप बिघडते. घट पक्का हवा, कारण पक्की व जाड भिंत हवेच्या दाबाने डळमळत नाही. तिचा गोल आकार तिला अधिकच बळ देतो. पण त्या पक्क्या घटाने स्वतः बोलता कामा नये.

त्याने खणखणीत वाजणारेच मडके घेतले आणि मग त्याला गप्प बसविण्याच्या उद्योगास लागला. आत पिंजलेला कापूस सैल भरला. पाण्याची धार धरून, हलक्या हाताने, तारेपुरते भोक पाडले. पहिले मडके घाईत तडकले, दुसरे साधले. तोंडावर प्लायवूडचे कडे चिकटवून त्यात स्पीकर बसविला आणि फटी लांबीने बुजविल्या. बाहेरून गोणपाटाचा पट्टा आवळला, आणि आजीच्याच लुगड्याच्या चुंबळीवर तो घट मांडला. आता पेराने वाजविले, तर नुसते ‘थप’ एवढेच उत्तर येई.

नवरात्रातील एका रात्री तो घट अंगणात ठेवून त्याने बटण फिरविले. यंत्राची शक्ती अर्ध्या वॅटच्या आसपास. रस्त्यावरच्या भिंतीएवढ्या कर्ण्यांपुढे ती कितीशी? लोकवस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घालून दिली आहे, आणि सणासुदीस ती किती वेळा ओलांडली जाते हे सर्वांना ठाऊक आहे. या घटाचा आवाज अंगणापुरता होता. परंतु त्यात संबळ संबळासारखा घुमत होता, आणि त्यावर एक भरदार, किंचित खरखरीत गळा चढत होता. ओसरीवरच्या बायका बोलता बोलता थांबल्या.

आजी काही बोलली नाही. पहिले गाणे संपले, दुसरे संपले. तिसऱ्याच्या आरंभी तिने कोनाड्यातील झांज काढून घेतली, आणि आपल्याच जुन्या आवाजाखाली आपला आजचा बसलेला आवाज मिळविला. नातवाने बटण हळूच थोडे मागे फिरविले. कारण आता ऐकावयाचे होते ते दोन्ही आवाज.