अम्मीची दाढ आणि तिचं दिल

अम्मी अकोल्यात, आम्ही तिघं भावंडं अमरावतीत. रात्रीच्या फोनवर आमचा पहिला सवाल ठरलेला, "अम्मी, गोळी घेतलीस?" लहानपणी तिला ताप येऊन सांधे सुजले होते, असं नानी सांगायची. त्या संधिवाताच्या तापानं तिच्या हृदयाची मायट्रल झडप आखडली, हे कळायला चाळीस वर्षं गेली. झडप अरुंद झाली की मागच्या कप्प्यात रक्त तुंबतं, कप्पा फुगतो, ठोके बिघडतात. साचलेल्या रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली तर लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि आयएनआरचा आकडा 2 ते 3 च्या मधे.

मागच्या वर्षी टूडी इको झाला. रिपोर्टात होतं, गुठळी दिसली नाही. तो कागद आम्ही घरभर फिरवला. पुढच्याच आठवड्यात अम्मीची दाढ काढायची होती. रक्त थांबणार नाही या भीतीनं आम्हीच म्हणालो, राहू दे गोळी, इको तर साफ आहे. कुणाला विचारलं नाही. दाढ निघाली आणि गोळी तीन आठवडे राहूनच गेली.

फुग्यानं झडप रुंद करायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी घशातून इको सांगितला. पुन्हा कशाला, म्हणून आम्ही जरा चिडलोच. त्यांनी कागदावर हृदय काढलं. वरच्या डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी पिशवी असते, गुठळी बहुतेक तिथंच धरते. छातीवरच्या यंत्राला तो कोपरा नीट दिसत नाही. अन्ननलिका मात्र त्या कप्प्याला खेटून जाते. इको साफ असला तरी अशा आखडलेल्या झडपेत ठोके बिघडलेले असले, तर गोळी थांबवायची नसते. दाढसुद्धा आयएनआर पाहून बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच काढतात. आम्ही मान खाली घालून ऐकलं.

(1953 साली स्वीडनच्या लुंड गावात एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधणारं यंत्र हृदयावर लावलं, तेही याच झडपेचा आजार ओळखता यावा म्हणून. हे आम्ही नंतर वाचलं.)

मूर्तिजापूरमार्गे अम्मी उपाशीपोटी आली. "रोजाच समजा," म्हणाली. कवळी काढून ठेवली, घशात बधिर करणारा फवारा मारला, झोपेचं हलकं इंजेक्शन दिलं, डाव्या कुशीवर निजवलं. वीसेक मिनिटांत डॉक्टर बाहेर आले. पिशवीत गुठळी होती. फुगा लांबणीवर पडला, कारण आत तार घातली तर ती सुटायची.

त्या रात्री आमच्यापैकी कुणीच जेवलं नाही. अम्मीला कारण सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दाढ तर माझीच दुखत होती ना!"

तीन महिने एकही गोळी चुकली नाही. दुसऱ्यांदा नळी गिळली तेव्हा पिशवी रिकामी होती, आणि फुग्याचं काम पार पडलं. गोळी अजून चालूच आहे. मेथी-पालक रोज सारख्याच मापानं खायचं, हे मात्र तिला पटत नाही. परवा फोनवर म्हणाली, शेजारणीनं शेतातली ताजी मेथी दिलीय, दोन जुड्या.

"एकच कर, अम्मी."

"दोन्ही केल्या."