दाढ, डॉलर आणि सतरा दिवसांची रजा

तर झालं असं, की गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी पोह्यांतला शेंगदाणा चावला आणि खालच्या दाढेतून निघालेली कळ थेट कानात गेली. स्थळ न्यू जर्सी. पुण्याच्या तिकिटाला अजून पाच आठवडे.

सोमवारी डेंटिस्टने एक्स-रे काढला. रूट कॅनाल १४०० डॉलर, वर कॅप १५००. इथला डेंटल इन्शुरन्स म्हणजे एक गंमतच आहे. मेडिकलमध्ये वरची मर्यादा आपल्या खर्चाला असते, डेंटलमध्ये कंपनीच्या! आमच्या प्लॅनमध्ये वर्षाला १५०० डॉलर, की संपलं. म्हणजे उरलेले १४०० माझ्या खिशातून.

आईला फोनवर सांगायची चूक केली. "वेडा आहेस का? इकडे पंधरा हजारांत सगळं होतं. मी डॉक्टरांशी बोलून ठेवते." तिचं काही चूक नव्हतं. त्या डॉक्टरांच्या हातावर माझा इथल्यापेक्षा जास्त विश्वास आहे. पण प्रश्न हाताचा नव्हताच, कॅलेंडरचा होता.

रजा सतरा दिवसांची. त्यात जेट लॅग, सांगलीला मावसबहिणीचं लग्न, आणि 'येऊन गेलास पण भेटला नाहीस' म्हणणारे निम्मे पुणेकर. दाढेच्या रूट कॅनालला दोन-तीन सिटिंग लागू शकतात. कॅप लॅबमधून यायला आणखी काही दिवस. ती बसली आणि चावताना जरा उंच लागली, तर ते कळणार विमान सुटल्यावर! मग दुसऱ्याने लिहिलेला कोड इथला कोण डीबग करणार? करेल, पण पहिल्यापासून बिल लावून.

दरम्यान चौथ्या दिवशी ठणका आपोआप थांबला. मी खूश. डेंटिस्टने मात्र फोनवर बजावलं की नस मेली की दुखणं थांबतं, इन्फेक्शन थांबत नाही. ते जबड्यात पसरू शकतं. थोडक्यात, बग तसाच, फक्त लॉगिंग बंद. पाच आठवडे हे असं ठेवायचं?

आणि ऑफिसातल्या एका मित्राचं डोळ्यासमोर होतंच. त्याने सुट्टीत भारतात इम्प्लांटचा स्क्रू बसवून घेतला. हाड धरायला तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे दात पुढच्या खेपेला. पुढची खेप झालीच नाही. इथल्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या कंपनीचा, कुठल्या मापाचा?" कारण एका कंपनीचे भाग दुसऱ्याच्या स्क्रूवर बसतीलच असं नाही. याच्याकडे कागदाचा कपटा नाही. (करणारच असाल तर तेवढा कागद आणि एक्स-रेची कॉपी घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू नका.)

शेवटी रूट कॅनाल इथेच केलं, त्याच आठवड्यात. कॅप मुद्दाम जानेवारीत, नव्या वर्षाची मर्यादा चालू झाल्यावर. विम्याने रूट कॅनालचे ऐंशी टक्के दिले आणि कॅपचे निम्मे. १४०० चे १०३० झाले. कॅपशिवायची दाढ तडकू शकते, म्हणून पुण्यात आईच्या चकल्या सगळ्या डावीकडून खाल्ल्या. ती दोन दिवस घुश्शात होती.

तरी ओढून डॉक्टरांकडे नेलंच. त्यांनी तोंडात आरसा फिरवला. "काम छान झालंय. किती घेतले?"

सांगितलं. त्यांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि आईकडे बघत बसले.