पूर्णतः आणि केवळ

आमच्या लेखनाच्या खोलीचे क्षेत्रफळ ९६ चौरस फूट आहे, हे आम्हांला पन्नाशी उलटल्यावर कळले. प्राध्यापकी सोडून पूर्णवेळ भाषांतरे करू लागलो, त्या २०१९ साली सी.ए.नी पहिलाच प्रश्न विचारला तो मोजमापाचा. पगारदार असताना रात्र-रात्र घरी उत्तरपत्रिका तपासल्या, तरी त्या टेबलाचा खर्च वेगळा दाखवण्याची सोय नव्हती. आता उत्पन्न व्यवसायाचे ठरल्याने भाडे, वीज, कागद सारेच हिशेबात आले. तेव्हा लागू असलेल्या १९६१च्या आयकर कायद्याच्या ३७व्या कलमाप्रमाणे खर्च 'पूर्णतः आणि केवळ' व्यवसायासाठी झालेला हवा; राहत्या घराच्या काही भागातच व्यवसाय चालत असेल, तर ३८वे कलम भाड्याचा तेवढाच हिस्सा मान्य करी. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली खोलीबरोबर वर्षाला पाचशे पौंडही मागितले होते. आपल्या वर्गांत मात्र खोलीच तेवढी शिकवली जाते.

घसाऱ्याचे कोष्टक आम्हांला फार आवडले. टेबलखुर्चीचा घसारा वर्षाला १० टक्के, व्यवसायासाठीच्या पुस्तकांचा ४० टक्के, संगणकाचाही ४०. म्हणजे मोल्सवर्थचा कोश ज्या टेबलावर असतो, ते टेबल कोशाहून चिवट! आमच्याकडे त्या टेबलाचे दोन पाय बदलून झाले आहेत. कोश अजून तोच आहे. स्वामित्वधनावर ३ लाखांपर्यंत सवलत देणारे ८०क्यूक्यूबी हे कलमही असेच. त्यातून शालेय पाठ्यपुस्तके, मार्गदर्शिका, रोजनिश्या आणि भाष्ये वगळलेली. भावार्थदीपिकेचे काय झाले असते, हे आम्ही सी.ए.ना विचारले नाही.

अडचण आली ती 'केवळ' या शब्दापाशी. त्या खोलीत आईची खाट होती. दुपारी ती झोपली की आम्ही लिहायला बसत असू. उठली की खोली तिची. पुढे तिला झोप लागेना, तेव्हा ती पडल्या पडल्या आमच्याकडे पाहत राही, आणि एखादा शब्द अडला की आम्ही तिलाच विचारू. वळचण म्हणजे छपराची कड आणि पागोळ्या म्हणजे तिच्यावरून गळणारे पाणी, हा भेद तिने हाताने छप्पर दाखवून समजावला होता. आम्ही तीस वर्षे साहित्य शिकवून दोहोंत घोटाळा करीत होतो. मग त्या खाटेखालची जागा व्यवसायाची की घरची?

सी.ए. भला माणूस. म्हणाले, "सर, खाटेचं कशाला काढता? कोण बघायला येतंय?" खरेच कोणी येणार नव्हते. पण विवरणपत्राखाली सही आमची, आणि आईला व्यवसायातून वगळावे की घरातून, हेच ठरेना. शेवटी आम्ही ४८ चौरस फूट लिहिले. करात फरक पडला तो किरकोळच.

२०२१ साली खाट हलवली. त्या वर्षीचे विवरणपत्र भरताना सी.ए.नी हलक्या आवाजात विचारले, "आता पूर्ण खोली धरायची ना?"

आम्ही हो म्हणालो. त्यांनी ९६ लिहिले.