तिळाएवढं डोकं

कर्नाटकात टीव्ही आधी कुठे आला, असं विचारलं तर शंभरातले नव्याण्णव लोक बेंगळुरूचं नाव घेतील. बेंगळुरूचं दूरदर्शन १९८१ सालचं. आपल्या कलबुर्गीत, म्हणजे तेव्हाच्या गुलबर्ग्यात, ते १९७७ मध्येच आलं. त्याच्याही आधी, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष, गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर जिल्ह्यांतल्या निवडक खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही दिसत होता. उपग्रह अमेरिकेचा, एटीएस-६. छतावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री आणि टीव्हीसमोर अख्खं गाव. ‘साइट’ नावाचा हा प्रयोग सहा राज्यांत झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. लातूर-सोलापूरचे पाहुणे आले की आमचे आजोबा हे आवर्जून सांगत.

आपल्या भागासाठीचे कार्यक्रम हैदराबादला तयार होत. काही कार्यक्रमांत चित्र एकच आणि त्याबरोबर आवाजाच्या दोन वाटा असत, एक तेलुगू आणि एक कन्नड. एका चित्राला दोन भाषा, हे आपल्या घरांना काही नवं नाही. हे सगळं टेपवर साठवलेलं असे. पुढे घराघरांत लग्नाच्या कॅसेट आल्या, त्याही टेपच. या टेपवरचं चित्र वाचणारी वस्तू कशी असते, हे मात्र मी गेल्या पावसाळ्यात कलबुर्गीला जाईपर्यंत पाहिलं नव्हतं.

बिदरहून निघाले. २०१७ च्या ऑक्टोबरात ११० किलोमीटरचा थेट रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून हुमनाबादमार्गे बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यावी लागत नाहीत. तुरीची शेतं, मध्येच लाल माती, कमलापूरच्या बाजूला केळी आणि एक लांबलचक बोगदा. पिशवीत भालकीच्या आत्याच्या लग्नाच्या तीन कॅसेट होत्या, १९९१ सालच्या. बिदरमध्ये चालू व्हीसीआर मिळेना. कलबुर्गीत एक जुने कारागीर अजून हे काम करतात, असं कळलं होतं.

अण्णांचं दुकान म्हणजे एक बोळ. त्यांनी कॅसेट लावली. पडद्यावर नुसता बर्फ, पण आवाज स्वच्छ! सनई, बायकांची गडबड आणि मग आमचे आजोबा. व्याह्यांचं स्वागत कन्नडात, आपल्या माणसांना सूचना मराठीत, एका दमात. आजोबांचा आवाज या कॅसेटखेरीज दुसरीकडे कुठेच नाही. माझा घसाच दाटून आला. अण्णा मात्र यंत्राकडे बघत म्हणाले, “तली केट्टद, अक्कावरे.”

कन्नड येणारे वाचक हसले असतील. ‘डोकं बिघडलंय’ हे आपण माणसाबद्दल म्हणतो. अण्णा व्हीसीआरच्या हेडबद्दल बोलत होते.

आवाज येतो आणि चित्र येत नाही, यामागे कारण आहे. साध्या व्हीएचएस यंत्रात आवाजाचं हेड वेगळं असतं. ते जागचं हलत नाही आणि टेपच्या काठावरची पट्टी वाचतं. चित्राला ते जमत नाही, कारण चित्रातले बदल सेकंदाला लाखो वेळा होतात. तेवढे टेपवर मावायचे तर टेप भयंकर वेगाने पळवावी लागते. १९५० च्या दशकात बीबीसीने तसं करूनही पाहिलं. सेकंदाला पाच मीटर टेप धावे आणि भलंमोठं रीळ पंधरा मिनिटांत संपे. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅम्पेक्स कंपनीने वेगळा मार्ग काढला. टेप सावकाश जाऊ द्यायची आणि हेडच फिरवायचं. आपल्या घरच्या व्हीएचएसमध्ये टेप सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकते, पण ६२ मिलिमीटर व्यासाचा तिरपा ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो. त्यामुळे हेड टेपवरून सेकंदाला जवळजवळ पाच मीटर धावतं. बीबीसीचाच वेग, पण कॅसेट तीन तास पुरते.

अण्णांनी भिंग दिलं. ड्रमच्या कडेला काळा, तिळाएवढा तुकडा. तो असतो मँगेनीज-झिंक फेराइटचा. अशा स्फटिकाच्या हिऱ्याच्या पात्याने पट्ट्या कापतात, आरशासारख्या घासतात आणि दोन पट्ट्यांमध्ये काचेसारख्या पदार्थाचा अतिपातळ थर देऊन वितळलेल्या काचेने जोडतात. ती फट अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी. केसाची जाडी तिच्या शंभरपटीहून जास्त! मग जोडपट्टीचे तिरपे काप काढायचे, पितळी पट्टीवर बसवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली छिद्रातून तांब्याच्या तारेचे वेढे घ्यायचे. चुंबकीय खेळ सगळा त्या फटीपाशी चालतो.

मला बिदरच्या बिदरी कारागिरांची आठवण झाली. तिथेही जस्त असतं, साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं. छिन्नीने कोरलेल्या रेषेत चांदीची तार ठोकून बसवायची आणि किल्ल्यातली माती व नवसागर लावून भांडं काळं करायचं. २०२३ मध्ये शाह रशीद अहमद कादरी यांना या कलेसाठी पद्मश्री मिळाली. असल्या हातांना हेडचं काम अवघड गेलं नसतं, असं मला वाटतं. आपल्याकडे व्हिडिओ हेड प्रामुख्याने जपानमधून येत. फ्लॉपीच्या हेडची गोष्ट वेगळी. जुगी टंडन यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी काढली ती अशी हेड बनवायला, आणि पुढे हे नाजूक हातकाम मुंबईत, अंधेरीच्या सीप्झमध्ये आलं. १९८१ च्या आयबीएम पीसीत टंडन यांच्याच फ्लॉपी ड्राइव्ह होत्या.

हे सगळं आता संपलं आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. सुटे भागच मिळेनात, हे त्याचं एक कारण होतं. हेड टेपला घासून झिजतं आणि दोन-तीन हजार तासांत फटीपर्यंतची खोली संपते. अण्णांच्या खणात चार ड्रम उरले आहेत, तेही मोडक्या यंत्रांतून काढलेले.

आमचं हेड झिजलेलं नव्हतं, टेपच्या भुकटीने तुंबलं होतं. अण्णांनी शामॉय चामड्याला स्पिरिट लावून ते ड्रमवर टेकवलं आणि दुसऱ्या हाताने ड्रम हळूच फिरवला. “वरखाली घासलं की तुकडा तुटलाच समजा,” ते म्हणाले. दुसऱ्यांदा लावल्यावर बर्फातून आधी फेटा दिसला, मग आजोबा.

तुमच्या कपाटात कॅसेट असतील तर झाकणाच्या खिडकीतून रीळ पाहा. कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कुठल्याही यंत्रात घालू नका. ती कॅसेट तर जाईलच, शिवाय हेड तुंबून पुढच्या माणसाचीही पंचाईत होईल. कॅसेट उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब. उतरवून घ्यायला देताना ज्यांतली माणसं आता नाहीत त्या आधी द्या, मुलांचे वाढदिवस नंतर. टेपची नक्कल घाईने होत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात आणि तेवढं हेड झिजतं. म्हणून अण्णा दिवसाला दोनच कॅसेट घेतात. आमची एक झाली. उरलेल्या दोनला त्यांनी दिवाळीनंतरची तारीख दिली आहे.