एकटीचा फोटो

2003 सालचा मे महिना. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, रस्ता सोडून दीड तास चढल्यावर लागणाऱ्या एका वाडीत लग्न होते. मिनीडोर खालीच थांबली. माझी पत्र्याची पेटी नवऱ्यामुलाच्या मामाने डोक्यावर घेतली आणि चपला हातात धरून तो पुढे चालू लागला. पेटीत कॅमेरा, फ्लॅश, पेन्सिल सेलची दोन पाकिटे आणि छत्तीसचे चार रोल. एवढ्यात अख्खे लग्न बसवायचे.

दुपारी लग्न लागले. पंगती उठल्या. माप ओलांडायच्या फोटोसाठी मी शेवटच्या रोलमधले तीन फोटो राखून ठेवले होते. तेवढ्यात ओटीवर बसलेल्या नवऱ्याच्या आजीने मला हात केला.

"बाला, माजा येकटीचा येक फोटू काड."

"आजी, सगळ्यांबरोबर काढलाय ना तुमचा."

"त्यात मी कुठं दिसनार? येकटीचा काड. मागं पोरांना भितीला लावायला काय तरी नको?"

मी मनात हिशोब घातला. तीनातला एक गेला तर दोन उरतात, आणि मापाचा फोटो हुकला तर मुलाचा बाप पैसे कापणार. तरी काढला. ऊन कलले होते, सारवलेल्या अंगणावरून परतलेला उजेड ओटीवर मऊ पडला होता. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मनगटावरचे गोंदण जुने होऊन हिरवट पडलेले. फ्लॅश मारला नाही. ती पापणी न हलवता बसली आणि मी बटण दाबल्यावर म्हणाली, "झालं? बरं झालं."

त्या एका फोटोने मला माझा धंदा शिकवला. पण ते कळायला अठरा वर्षे लागली.

आमच्याकडे लग्नाचा सीझन म्हणजे एप्रिल आणि मे. महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांतली निम्मी माणसे पोटासाठी मुंबईत. पूर्वी गिरणगावात असायची, आता नालासोपारा, दिवा, विरार इथे. मुलांच्या शाळांना सुट्टी लागली की चाकरमानी गावाला येतात आणि मगच लग्ने निघतात. एकेका तारखेला चार-चार गावांत मांडव. वाजंत्री मिळत नाहीत, टेम्पो मिळत नाही, भटजी एका लग्नातून उठून दुसऱ्याकडे धावतात. वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या डोंगरांत मेमध्ये प्यायला पाणी नसते. मुहूर्ताची घटिका भरत आली तरी घरधनी टँकरची वाट बघत रस्त्यावर उभा, असे मी कितीतरी लग्नांत पाहिले आहे. ते फोटो अल्बममध्ये लागत नाहीत, पण मी काढून ठेवतो.

उजेडाशी झगडा हा आमचा रोजचा. भर बारा-साडेबाराचा मुहूर्त, बाहेर डोळे दिपवणारे ऊन आणि आत मांडव. पूर्वी जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव असे. त्यातून कवडसे पडत. नवरीच्या नाकावर एक, गालावर एक. ते चुकवायला तिला वीतभर मागेपुढे सरकवायचे, एवढेच काम. आता निळी ताडपत्री आली. तिच्याखाली नवरी कितीही हळद माखलेली असो, फोटोत निळी-काळी दिसते. मी उत्तरेकडची कनात वर गुंडाळायला लावतो आणि समोर कोणातरी म्हाताऱ्या बाबांना त्यांचे धुतलेले पांढरे धोतर दोन्ही हातांनी ताणून उभे करतो. त्यावरून परतणारा उजेड चेहऱ्यावर आला की हळद हळदीसारखी दिसते. बाबांनाही लग्नात मानाचे काम मिळाल्यासारखे वाटते. अंतरपाट दूर होताना हे धोतर मात्र बाजूला घ्यावे लागते, कारण त्या क्षणी चारी बाजूंनी अक्षता येतात आणि लेन्सच्या हूडमध्ये तांदूळ भरतात.

हळदीच्या रात्रीची गोष्ट वेगळी. खालू बाजा लागला, सनई आणि ढोल-टिमकी घुमू लागली की म्हाताऱ्यासुद्धा अंगणात उतरतात. वीज गेली तर जनरेटर, तो बंद पडला तर पेट्रोमॅक्स, असा तो काळ होता. पेट्रोमॅक्सच्या उजेडात नाचणाऱ्या बायकांचे फोटो हलतात, अस्पष्ट येतात. पण त्या फोटोंत जी रग असते ती आजच्या एलईडीच्या झगमगाटात मला सापडत नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी प्री-वेडिंग आले. साखरपुडा झाला की जोडपे फोन करते आणि मोबाइलवर राजस्थानातला कुठला तरी महाल दाखवून "असे पाहिजे" म्हणते. बहुतेकांना पाहिजे असतो रायगड किंवा धबधबा. रायगडावर मी प्री-वेडिंग घेत नाही. 6 जून 1674 ला जिथे राज्याभिषेक झाला तिथे गाऊन पसरून पोझ द्यायची, हे मला पटत नाही. गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिथले नियम आहेत, ते वेगळेच. जोडप्याला सांगतो, आधी पाचाडला जिजाऊंच्या समाधीला जा, पायरी चढून गडावर जा, दर्शन घ्या. कॅमेरा मी आणणार नाही. रागावून दुसऱ्याकडे गेलेले आहेत. काही जण दर्शन घेऊन माझ्याकडेच परत आलेले आहेत.

धबधब्याला माझा नकार त्याहून ठाम. पावसात आमचे डोंगर असे दिसतात की जोडप्यांचा मोह मला समजतो. पण कातळावरचे शेवाळ आणि वरून अचानक वाढणारे पाणी मी लहानपणापासून पाहतो आहे. 2024 च्या जुलैत शेजारच्या माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याच्या कड्यावरून एक तरुणी दरीत पडून गेली. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी घालते ती उगाच नाही. एका फोटोपायी कोणाच्या घरचे लग्न मोडावे, इतका मोठा फोटो मी अजून पाहिलेला नाही.

मग काय काढायचे? एक जोडपे आठवते. मुलगी महाडचीच, मुलगा कल्याणचा. दोघे पांढऱ्या कपड्यांत आले आणि म्हणाले, पहिला फोटो चवदार तळ्यावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी जिथे ओंजळीने पाणी घेतले, त्या तळ्याच्या काठी. मुलीचे पणजोबा त्या दिवशी तिथे होते, असे त्यांच्या घरात सांगतात. मी त्यांना पोझ दिली नाही. दोघे पायऱ्या उतरले, पाण्याकडे पाहत उभे राहिले, मुलीने वाकून पाण्याला बोटे लावली. कोवळे ऊन होते. सगळे मिळून सात फोटो झाले आणि मी म्हटले, आता घरी चला, तुमच्या आजीला उन्हात बसवू. अशी जोडपी थोडी असतात, पण असतात. दुसऱ्या एका मुलीने सांगितले, माझ्या बापाच्या नाचणीच्या वरकस जमिनीत काढा. उतारावरची ती जमीन, बांधावर ऐनाची झाडे, मागे डोंगरावर उतरलेले धुके. बाप कोयता घेऊन तिथेच उभा होता. त्याला बाजूला व्हायला सांगणार तोच मुलगी म्हणाली, "बाबांना राहू दे." तो फोटो आज त्यांच्या घरात लग्नाच्या फोटोपेक्षा मोठा करून लावला आहे.

आता 2021 कडे येतो.

आमच्या तालुक्यांना पाऊस नवा नाही. 2005 च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल एसटीच्या दोन गाड्यांसह गेला. तरी 22 जुलै 2021 सारखा दिवस आम्ही पाहिला नव्हता. वर महाबळेश्वरला, जिथून सावित्री निघते तिथे, एका दिवसात 590 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. ते सगळे पाणी पोलादपूरमार्गे महाडात उतरले. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला आणि 80 हून अधिक माणसे गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथेही दरडी आल्या.

माझे दुकान महाडच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत, तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर शटर पहारीने उघडावे लागले. आत गुडघाभर चिखल. कॅमेरे गेले, कॉम्प्युटर गेले. 2008 पासूनची सगळी लग्ने ज्या दोन हार्ड डिस्कमध्ये होती त्या चिखलातून काढल्या तेव्हा हातात दगड धरल्यासारख्या वाटल्या. गिऱ्हाइकांना द्यायचे करिझ्मा अल्बम पाण्याने फुगून, पाने एकमेकांना चिकटून विटेसारखे झाले होते. आणि कोपऱ्यात, लोखंडी कपाटात, 1995 ते 2007 चे निगेटिव्ह.

ते कपाट उघडल्यावर पहिली गोष्ट मला माझ्या गुरूंची आठवली. त्यांच्या हाताखाली मी डार्करूम शिकलो. ते सांगत, भिजलेली निगेटिव्ह वाळू द्यायची नाही. चिखलासकट वाळली की मेली. गावात वीज नव्हती, नळाला पाणी नव्हते. ओळखीच्या एका घरची विहीर उंचावर होती, तिथून बायको आणि मुलगा कळशा आणत होते. तीन टोप मांडले. पहिल्यात चिखल सुटायचा, दुसऱ्यात गाळ, तिसऱ्यात स्वच्छ. पट्टी कडेने धरायची, बोट मधे लावायचे नाही, कारण ओल्या फिल्मवरचा थर लोण्यासारखा मऊ झालेला असतो. मग दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगायची. नऊ दिवस हेच केले. निम्म्याहून जास्त वाचल्या. बाकीच्यांवरून नवरा-नवरी माझ्या डोळ्यांदेखत विरघळून पाण्यात गेले.

दुकान उघडायच्या आधीच माणसे येऊ लागली. कोणी भांडी मागायला नाही, फोटो मागायला. घरे चिखलाने भरली होती, अल्बम गेले होते, भिंतीवरचे हार घातलेले फोटो गेले होते. तेव्हा मला कळले की आमच्याकडच्या कितीतरी घरांत मेलेल्या माणसाचा जो एकमेव फोटो असतो, तो कोणाच्या ना कोणाच्या लग्नातून कापून मोठा केलेला असतो. हळदीतला, पंगतीतला, नाहीतर ग्रुप फोटोच्या तिसऱ्या रांगेतला.

ऑगस्टच्या शेवटी पोलादपूरच्या त्या वाडीतला नवरा आला. 2003 चा. केस पांढरे झालेले. घराची मागची भिंत फोडून चिखल आत शिरला होता, माणसे वाचली होती. त्याने स्वतःच्या लग्नाचे फोटो मागितले नाहीत. म्हणाला, "भाऊ, आजीचा फोटो होता एक, एकटीचा." पट्टी सापडली. अंतरपाटाचे फोटो धुऊन गेले होते. आजीच्या डाव्या खांद्यावर तपकिरी डाग पडला होता, चेहरा आणि हात शाबूत. मी त्याला प्रिंट दिली तेव्हा त्याने ती पिशवीत घातली नाही, शर्टाच्या आत छातीशी धरली आणि तसाच एसटी स्टँडकडे गेला.

पण सगळ्यांना देता आले नाही. एक बाई तीनदा आल्या. लग्न 2014 चे, मीच काढलेले, नवरा 2021 च्याच एप्रिलमध्ये करोनात गेलेला. अल्बम पुरात गेला, पेन ड्राइव्ह गेला, माझी हार्ड डिस्क गेली. मुंबईला पाठवलेल्या दोन डिस्कपैकी एकीतून थोडे निघाले, त्यात त्यांचे लग्न नव्हते. तिसऱ्यांदा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त बाकावर बसून राहिल्या. शेवटी त्यांच्या एका नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून पुसट झालेला एक फोटो मिळाला. तोच जमेल तेवढा साफ करून दिला. पैसे घ्यायचे नव्हते, त्यांनी टेबलावर ठेवले आणि गेल्या.

चूक माझी होती. लग्न माझ्याकडे होते आणि दोन्ही डिस्क एकाच कपाटात, एकाच नदीच्या काठी ठेवल्या होत्या.

तेव्हापासून मी दर लग्नात ओटीवर एक खुर्ची मांडतो. साठीच्या पुढचे जे कोणी घरात असेल, आत्या, आजी, मावशी, गडी, शेजारी, त्याला तिथे बसवून एकट्याचा फोटो काढतो. ऑर्डरमध्ये असो नसो. प्रत्येकाची एक प्रिंट कागदावर काढून त्यालाच देतो. प्रत्येक लग्नाची एक प्रत माझ्याकडे, एक मुंबईत भावाकडे, एक गिऱ्हाइकाच्या चाकरमानी नातेवाइकाकडे.

महाड-पोलादपुरातल्या, आणि इथून मुंबईला गेलेल्या माणसांना माझी विनंती आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत जुने अल्बम, निगेटिव्ह, लग्नाचे सुटे फोटो असतील तर ते जूनच्या आधी खाली काढा. प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा, मोबाइलवर नाही तर नीट स्कॅन करून घ्या, आणि एक प्रत नदीपासून लांब राहणाऱ्या नातेवाइकाकडे द्या. कोणत्याही गावच्या फोटोवाल्याकडे हे काम होईल. आणि या मेमध्ये लग्नाला गावी आलात तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उजेडात बसवा आणि त्याचा एकट्याचा फोटो काढा.