एकच चटणी

जाकार्तास चिरंजीवांकडे असता आम्ही ‘साते’ घरी होताना पाहिले. कोंबडीचे लहान तुकडे हळद, धने व लसूण यांत मुरवून, जळू नयेत म्हणून भिजविलेल्या बांबूच्या काड्यांत ओवून, निखाऱ्यांवर भाजतात. आम्ही शाकाहारी, सूनबाईंनी आमच्यासाठी आंबविलेल्या सोयाबीनचे ‘तेंपे’ निराळ्या शेगडीवर भाजले. चटणी मात्र एकच: तळलेले शेंगदाणे, मिरची व लसूण वाटून, पाण्यात दाट शिजवून, वर सोयाबीनचा गोड काळा ‘केचाप’ आणि लिंबू. शेंगदाणा व मिरची दोन्ही मूळची अमेरिका खंडातील. जावाने ती आपलीशी केली, तशीच आपणही. आपला नेम राखूनही आम्ही नातवंडांच्याच पंगतीस बसलो, हे समाधान थोडे नव्हे.