वाकलेली तबकडी

‘मोडेन, पण वाकणार नाही’ हा बाणा आम्हां मराठी माणसांस लहानपणापासून शिकविला जातो. गाण्याची जुनी तबकडी तो अक्षरशः पाळीत असे. १९०८ साली कलकत्त्यास सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाला. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या, मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या. हातून निसटल्या की तुकडे. पुढे १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची लाँग प्ले तबकडी आली. ती सहसा मोडत नाही, वाकते. आता वाकलेल्याचे काय करावे, हे मात्र आम्हांस कोणी शिकविले नव्हते. ते आम्ही एका मे महिन्यात, पाली येथे, आमच्या पुतण्याकडून शिकलो.

आमचे थोरले बंधू नोकरीनिमित्त पालीस गेले आणि तिथलेच झाले. त्यांच्या लग्नाला तीस वर्षे पूर्ण होत होती. त्यांचा मुलगा मुंबईत डीजे आहे. हा शब्द ऐकताच वाचकांना मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती आठवतील आणि छातीत धडधड होईल. परंतु त्याचा मूळ अर्थ तबकड्या निवडून वाजविणारा, एवढाच. आमचे वडील गावच्या लग्नांत कर्ण्यावर तबकड्या वाजवीत. नातू तेच काम दोन यंत्रे शेजारी ठेवून करतो. एका गाण्याचा ठेका दुसऱ्याच्या ठेक्यात असा मिळवितो की सांधा कळू नये. समारंभासाठी त्याने आमच्याकडे वडिलांच्या दोन लाँग प्ले तबकड्या मागितल्या. दोन्हींच्या वेष्टनांवर वडिलांच्या हस्ताक्षरात त्यांचे नाव होते.

समारंभाच्या आठ दिवस आधी आम्ही त्या घेऊन निघालो. पालीस पोहोचण्यापूर्वी उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडे पाहण्याचा मोह झाला. गाडी उघड्यावर लावली, काचा बंद केल्या आणि तबकड्या मागच्या काचेखाली तशाच राहू दिल्या. साधारण साठ अंशांपासून हे प्लॅस्टिक नरम पडू लागते आणि मेच्या उन्हात बंद गाडीच्या काचेखाली तेवढा ताव सहज चढतो. दोन तासांनी परतलो, तेव्हा दोन्ही तबकड्यांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वर आल्या होत्या.

आम्ही घरी कोणास काही बोललो नाही. आयुष्यभर इतरांचे कबुलीजबाब ऐकणाऱ्या माणसाने आपली चूक वेष्टनात घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी परसात कोणी नसताना एक तबकडी दोन जाड काचांच्या मध्ये घातली, वर पाटा ठेवला आणि उन्हात सोडली. ज्या उष्णतेने ती वाकविली, तीच तिला सरळ करील, असा आमचा हिशेब होता. तो खराही ठरला. सायंकाळी तबकडी आरशासारखी सपाट निघाली. आम्ही ती मोठ्या समाधानाने पुतण्याच्या हाती दिली.

त्याने सुई टेकविली. गाणे घोंगडीआडून यावे तसे आले, वर खरखर. त्याने तबकडी दिव्याखाली तिरपी धरली, बोट न लावता खाच दाखविली आणि म्हणाला, “काका, तबकडी सरळ झाली, पण गाणं गेलं.”

तेव्हा आम्ही सारे सांगितले. तो रागावला नाही. बराच वेळ गप्प राहिला. ते रागावण्यापेक्षा जड होते. मग त्याने समजावून सांगितले. गाणे असते ते केसाएवढ्या खाचेच्या दोन भिंतींत. नरम पडलेल्या तबकडीवर घाईने भार टाकला की वाक जातो, पण त्याबरोबर भिंतीही दबतात. काचेवर धुळीचा कण राहिला असेल, तर तोही आत रुतून बसतो.

दुसरी तबकडी त्याने हाती घेतली. ती पुसली, काचा पुसल्या. सावलीच्या खोलीत, समतल फळीवर, काचांच्या मध्ये ठेवून वर पुस्तकांचा सारखा भार दिला. उन्हाचे नाव नाही. रोज सकाळी आम्ही अधीर होऊन डोकावत असू. तो हात लावू देत नसे. सात दिवसांत वाक गेला नाही; उतरला.

समारंभाच्या रात्री त्याने ती तबकडी लावली, तेव्हा दुसरे यंत्र थांबविले. एका फेऱ्यास १.८ सेकंद लागतात. तेवढ्या अंतराने सुई उंचवटा चढते, उतरते आणि सूर किंचित हेलकावतो. अशा गाण्याचा ठेका दुसऱ्याशी जुळवू गेले तर दोन्ही बिघडतात, म्हणून त्याने ते एकटेच वाजविले. सुईचा भार त्याने थोडा वाढविला. तिला सोसेल तेवढाच, कारण अधिक भाराने खाच झिजते. गाणे संपेपर्यंत तो यंत्रापाशी वाकून उभा होता. सुई उडाली नाही. बंधू वहिनींना हळूच म्हणाले, “बाबांची तबकडी.” सूर हलतो आहे, हे बहुधा कोणाच्या ध्यानातही आले नाही.

आम्हांस त्या रात्री झोप आली नाही. इतक्या वर्षांत आमच्यापुढे किती वाकलेली माणसे आली! घरातून निघून गेलेला मुलगा, व्यसनी बाप, नवऱ्याशी न पटलेली सून. कित्येकांना आम्ही उन्हात ठेवून, वर पाटा ठेवून सरळ केले आणि ती सरळ झाली म्हणून समाधान मानले. नंतर सुई टेकवून ऐकण्यास मात्र आम्ही थांबलो नाही.

हेलकावणारी तबकडी पुतण्याने मुंबईस नेली. सपाट झालेली त्याने आमच्यापाशीच ठेवली. ती आमच्या मेजाजवळ उभी असते. कोणी वाकलेला माणूस समोर येऊन बसला की आम्ही आधी तिच्याकडे पाहतो, आणि मग त्याला बोलू देतो.